गिरणी सुरू झाली की बल्ब बारीक का होतो? नववीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

५ ऑगस्ट

नववीचा ‘धाराविद्युत’ आजपासून. मागच्या वर्षी हा पाठ मी फळ्यावरच उरकला. मुलांनी गणितं चोख सोडवली, आणि चाचणीत ‘ॲमीटर परिपथात कसा जोडाल?’ या प्रश्नाला चार-पाच जणांनी ‘काळजीपूर्वक’ असं उत्तर लिहिलं. तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या खेपेला आधी तारा, सूत्र नंतर.

कपाट उघडून बघितलं. ॲमीटर (विजेची धारा मोजणारे) चार, त्यातल्या एकाची सुई शून्याच्या डावीकडे रुसून बसलेली. व्होल्टमीटर तीन. रिओस्टॅट (सरकवून रोध कमी-जास्त करायचं साधन) एक, गंजलेला, पण सरकतोय. प्लग की (किल्ली घालून परिपथ जोडायचे स्विच) सात आणि त्यांच्या किल्ल्या चार. सेलच्या डब्यात पांढरी पावडर, म्हणजे कुणीतरी सेल आत ठेवून विसरलं. ते ‘कुणीतरी’ बहुधा मीच. बल्ब एकही नाही.

परवाच लातूरला गंजगोलाईत जाऊन सामान आणलं होतं. टॉर्चचे बल्ब मागितल्यावर दुकानदार म्हणाला, ‘आता कोण घेतंय मॅडम ते? सगळं एलईडी झालंय.’ मग पोराला माळ्यावर चढवून धुळीतला एक खोका काढून दिला. अडीच व्होल्ट, ०.३ ॲम्पिअरचे वीस बल्ब आणि ३.८ व्होल्टचे पाच. शिवाय होल्डर, मोठे सेल, चिमट्याच्या वायरी, हीटरची २८ गेजची नायक्रोम तार आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. एलईडी मुद्दामच घेतले नाहीत. एलईडीतलं काही डोळ्यांना दिसत नाही. बल्बात तार तापून लाल होते, पिवळी होते, मंदावते. शिकायला असं चुगलखोर उपकरणच बरं.

मुलं ३८, गट पाच. नावं त्यांनीच ठेवली: गोदावरी, मांजरा, तेरणा, पूर्णा, दुधना. मांजरा नाव आपल्याला मिळावं म्हणून दोन गटांत जुंपली, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

६ ऑगस्ट

पहिलं काम: एक सेल, एक बल्ब, एकच वायर. होल्डर नाही. बल्ब पेटवून दाखवा.

सोपं वाटतं ना? दहा मिनिटं एकाही गटाचा पेटला नाही. बहुतेकांनी वायरीचं एक टोक सेलच्या टोपीला आणि दुसरं बल्बच्या बुडाला लावलं आणि वाट बघत बसले. नळाला पाईप लावला की पाणी येतं, तसं. सेलचं बूड मोकळंच. ‘मॅडम, पेटंनाच की ओ, सेल खराब हाय’ असा पाचही गटांचा एकमुखी निकाल.

शेवटी तेरणा गटातल्या, वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीने बल्बचं बूड थेट सेलच्या टोपीवर टेकवलं आणि सेलच्या खालच्या बाजूने आणलेली वायर बल्बच्या पितळी आट्यांना चिकटवली. बल्ब पेटला. दीड व्होल्टवर जेमतेम विस्तवाएवढा, नारिंगी. पण अख्खा वर्ग तिच्या बाकाभोवती गोळा झाला.

मग एक बल्ब रुमालात गुंडाळून फोडला आणि आतलं सगळ्यांना दाखवलं. केसाहून बारीक गुंडाळलेली तार, तिला दोन पाय. एक पाय बुडाच्या ठिपक्याला, दुसरा बाजूच्या आट्यांना. मधे काळा काचेसारखा भाग, तो विसंवाहक. बल्बला दोन टोकं असतात हे आज ३८ जणांना कळलं. मला शाळेत असताना ते कुणी दाखवलं नव्हतं, बी.एस्सी.ला गेल्यावर कळलं. हे वर्गात सांगितलं नाही.

८ ऑगस्ट

ॲमीटरचा पहिला बळी जाता जाता वाचला. पूर्णा गटाने ॲमीटर थेट सेलच्या दोन टोकांना जोडला. ‘सेलमधून किती धारा निघते ते मोजायलाव’ म्हणे. सुई फाडकन उजवीकडच्या खिळ्यावर आदळली. मी ओरडेपर्यंत वायर हाताला चटका देण्याइतकी तापली होती.

सुई परत शून्यावर आली, नशीब. ती वायर मी मुद्दाम सगळ्यांच्या हातात फिरवली. ॲमीटरचा स्वतःचा रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, जवळजवळ नसल्यासारखा असतो, म्हणून तो धारेच्या वाटेत उभा करायचा, एकसर. व्होल्टमीटरचा रोध भरपूर, म्हणून तो दोन टोकांवर बाजूने टेकवायचा, समांतर. जकात नाक्यावरच्या माणसाने रस्त्यात बसून गाड्या मोजायच्या, पण रस्ता अडवायचा नाही. मुलांना उपमा पटली. ‘काळजीपूर्वक’ हे उत्तरही तसं चूक नव्हतं म्हणायचं.

१२ ऑगस्ट

दोन सेल, दोन बल्ब, एकसर. स्विच दाबण्याआधी अंदाज लिहून घेतले: कोणता बल्ब जास्त पेटेल?

३८ पैकी २९ जणांनी लिहिलं, सेलच्या धन टोकाजवळचा. कारण दुधना गटाच्या प्रमुखाने उभं राहून सांगितलं. ‘पंगतीत आधी बसलेल्याला गरम पोळी मिळते. मागच्याला उरलंसुरलं.’ वर्ग हसला, पण माना सगळ्यांच्या हलल्या. धारा वाटेत खर्च होत जाते, हे इतकं खोल बसलेलं आहे की नुसतं ‘चूक’ म्हणून निघत नाही.

किल्ली घातली. दोन्ही बल्ब सारखेच मंद. ‘मॅडम, पहिला जरा जास्त हाय’ असं दोघं-तिघं डोळे बारीक करून म्हणत राहिले. मग ॲमीटर पहिल्या बल्बच्या आधी लावला: २१० मिलीॲम्पिअर. दोन्ही बल्बांच्या मधे लावला: २१०. दुसऱ्याच्या पुढे: २१०. पंगतवाला म्हणाला, ‘ॲमीटर अडकलाय.’ त्याच्याच हाताने दुसरा ॲमीटर लावायला लावला. तिन्ही जागी २१०.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यानेच विचारलं, ‘मग खर्च काय होतंय?’ हा प्रश्न पाठात फार पुढे येतो. बल्बात जी खर्च होते ती ऊर्जा. धारा म्हणजे वाहणारा प्रभार, तो जितका शिरला तितकाच बाहेर पडतो. मोटेचा दोर रहाटावरून फिरून परत येतो, दोर संपत नाही, दमतात ते बैल. मोट यांच्यापैकी कुणीच पाहिलेली नाही. आजोबांना विचारून या म्हटलं.

१३ ऑगस्ट

काही नाही. पाऊस, ३८ पैकी १४ हजर. प्लग कीच्या हरवलेल्या किल्ल्यांऐवजी खिळे घासून बसवले.

१६ ऑगस्ट

ओहमचा नियम: विभवांतर (व्होल्टमध्ये मोजायचा विजेचा दाब) जितक्या पटीने वाढवावं, तितक्याच पटीने धारा वाढते. अर्धा मीटर नायक्रोम तार फळीवर खिळ्यांना ताणून बांधली, रिओस्टॅट सरकवत वाचनं घेतली. मांजरा गटाची वहीतली ओळ अशी: ०.५ व्होल्टला १०० मिलीॲम्पिअर, १ ला २००, १.५ ला ३१०, २ ला ४००. भागाकार पाचच्या आसपास, म्हणजे तारेचा रोध ५ ओहम. आलेख सरळ, एक ठिपका जरा भरकटलेला.

दुधना गटाचा आलेख मात्र इतका सरळ की बघूनच शंका आली. आधी पट्टीने रेघ मारली होती, मग तिच्यावर ठिपके. खोडरबराने खोडलेली खरी वाचनंही कागदावर उमटलेली दिसत होती. रागावले नाही. ती खरी वाचनं फळ्यावर लिहायला लावली, ती छान होती. मांजराइतकीच चांगली. ‘मग खोडली कशाला?’ ‘पुस्तकासारखी येत नव्हती.’ हे आपल्या प्रॅक्टिकलच्या पद्धतीचं पाप आहे, पोरांचं नाही.

मग तारेच्या जागी बल्ब लावायला सांगितला. मला वाटलं पाच मिनिटांत होईल. अर्धा व्होल्टला १२० मिलीॲम्पिअर, एकला १८०, दीडला २३०, दोनला २६५, अडीचला ३००. भागाकार करत गेलो तशी मुलं एकमेकांकडे बघायला लागली: ४.२, ५.६, ६.५, ७.५, ८.३. रोध वाढतच चाललाय. आलेख वाकलाय. आणि बंद बल्ब मल्टिमीटरने मोजला तर जेमतेम सव्वा ओहम.

‘मॅडम, ओहमचा नियम बल्बाला लागू नाही का?’

नियमात एक अट असते, जी मुलं पाठ करताना गिळतात: वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना. बल्बातली टंगस्टनची तार पेटल्यावर दोनेक हजार अंश सेल्सिअसच्या वर तापते. तिची अवस्था कायम नाही, म्हणून रोधही कायम नाही. घरातले जुने पिवळे बल्ब बहुतेक वेळा बटण दाबताक्षणीच का उडायचे, हेही यातून निघतं. थंड तारेचा रोध कमी, म्हणून पहिला धक्का सगळ्यात मोठा. इतकी वर्षं हा पाठ शिकवते, पण ती अट मी आज पहिल्यांदा वापरली.

२० ऑगस्ट

मल्टिमीटर बंद. तेरणा गटाने चकती २०० मिलीॲम्पिअरवर ठेवून ३०० मिलीॲम्पिअरचा बल्ब मोजला. आतला काचेचा छोटा फ्यूज गेला. व्होल्ट दाखवतोय, धारा दाखवत नाही.

एक मुलगा लगेच म्हणाला, ‘मॅडम, वायरीतली एक तार काढून बांधू का? आमचे पप्पा डीपीवर तसंच करतेत.’ डीपीवर, म्हणजे गावाला वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, गावोगाव हेच चालतं. फ्यूज गेला की जाड तार टाकायची, म्हणजे परत जात नाही. जात नाही हीच तर पंचाईत. जायलाच ठेवलेली वस्तू जायची थांबली, की तिच्याऐवजी मोटार जळते. तार बांधू दिली नाही. नवा फ्यूज शनिवारी आणेन. तोवर मोठ्या धारेसाठी १० ॲम्पिअरचं भोक वापरायचं. त्याला या मीटरमध्ये फ्यूज नसतो, म्हणून ते फक्त माझ्या हातात.

२२ ऑगस्ट

समांतर जोडणी. आज सगळं माझ्या आखणीप्रमाणे व्हायचं होतं.

सुरुवात बरी झाली. दोन फांद्यांत ३००-३०० मिलीॲम्पिअर, मुख्य तारेत ६००. गंजगोलाई सगळ्यांनी पाहिलेली, तिला येऊन मिळणारे १६ रस्तेही माहीत. जेवढ्या गाड्या गोलाईत शिरल्या तेवढ्याच बाहेर पडल्या पाहिजेत. ‘पण मॅडम, गोलाईत गाड्या अडकून पडतेत.’ विजेला पार्किंग नसतं, म्हटलं. गुस्ताव किरचॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने हा हिशेब १८४५ मध्ये मांडला तेव्हा तो विद्यार्थीच होता, वय २१, हेही सांगितलं. मागचा बाक जरा सरसावून बसला.

मग ठरलेलं वाक्य फळ्यावर लिहिलं: समांतर जोडणीत प्रत्येक बल्बला पूर्ण विभवांतर मिळतं, म्हणून एक बल्ब वाढवला तरी आधीच्या बल्बच्या उजेडावर परिणाम होत नाही. आणि मुलांनी तिसरा बल्ब लावला. आधीचे दोन बल्ब सरळ सरळ बारीक झाले. पाचही गटांत.

‘मॅडम, बारीक व्हायलेत की.’

माझ्या तोंडून निघालं, ‘सेल जुने झालेत.’ खोटं नव्हतं, पण ती पळवाट होती. तेवढ्यात गोदावरी गटातली एक मुलगी उठली. तिचं घर पिठाच्या गिरणीला लागून आहे. ‘मॅडम, आमच्या घरी बी असंच होतंय. गिरणी चालू झाली की बल्ब बारीक होतंय. तिथं कुठं सेल हाय?’

घंटा वाजली. उद्या सांगते, म्हटलं.

२३ ऑगस्ट

सांगितलं नाही. काल एसटीत बसून विचार केला आणि ठरवलं की हा प्रश्नच प्रकल्प. मी केलेली आखणी (‘घरातील विद्युत उपकरणांचा तक्ता’, दरवर्षीचाच) रद्द. फळ्यावर वर लिहिलं: गिरणी सुरू झाली की बल्ब बारीक का होतो?

आज फक्त मोजमाप. दोन सेल, बल्ब वाढवत जायचे आणि दर वेळी सेलच्या टोकांवरचं विभवांतर मोजायचं. काहीच न जोडता ३.१ व्होल्ट. एक बल्ब: २.८. दोन: २.५. तीन: २.२५. बल्बांना विभवांतर सारखंच मिळतंय, तेवढं पुस्तक खरं. पण जे मिळतंय तेच खाली उतरतंय.

२८ ऑगस्ट

दोन सेल मिळून आत सुमारे एक ओहम रोध लपलेला आहे, हे मुलांनी स्वतः काढलं. दोन बल्बांची धारा ०.६ ॲम्पिअर, विभवांतर ३.१ वरून २.५ वर, म्हणजे ०.६ व्होल्ट गायब. भागाकार एक. तीन बल्बांचं करून पाहिलं, तिथेही एकच. पूर्णा गटातल्या एकाने सेल हातात फिरवत विचारलं, ‘म्हणजे रोध सेलच्या पोटात हाय?’ हो, पोटात.

बाहेर पाऊस, पत्र्यावर इतका आवाज की मोजणी थांबवून गोष्ट सांगितली. गेओर्ग ओहम हा शाळामास्तर, जर्मनीतल्या कोलोनमध्ये शिकवायचा. धारा मोजायच्या खटपटीत होता, पण त्याच्या काळचे सेलही असेच, क्षणाक्षणाला उतरणारे. वाचनं हलायची. मग पोगेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञाने सुचवल्यावर त्याने सेल बाजूला ठेवले. तांबं आणि बिस्मथ यांचे सांधे घेतले, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून विभवांतरही कायम. त्यावर त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून बघितल्या आणि १८२७ मध्ये पुस्तक छापलं. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक त्याला मिळालं ते १८४१ मध्ये. ‘म्हणजे त्याचे बी सेल जुने होते’, दुधनावाला म्हणाला. टोमणा मला होता. घेतला.

पण गिरणीचं काय? तिथे सेल नाही, डीपी आहे. मग रोध कुठे लपलाय?

उत्तर मुलांच्यातूनच आलं आणि तेही विजेतून नाही, पाण्यातून. मांजरा गटातला एक जण: ‘नळाला पाणी सुटलं की खालच्या आळीत मोटारी लावतेत. मग आमच्या वरच्या आळीत धार करंगळीएवढी होती.’ दुसरी: ‘पण टाकी भरलेलीच असती ना?’ ‘टाकी भरलेली, पाईप बारका!’

लातूरला रेल्वेने पाणी आलं ते २०१६ साल या पोरांच्या कळत्या वयाच्या आधीचं, पण पाणी आणि पाईप यांच्याबद्दल मराठवाड्यातल्या मुलाला काही शिकवावं लागत नाही. मी फक्त खडू त्याच्या हातात दिला. त्याने टाकीच्या जागी डीपी काढली, पाईपच्या जागी तार.

२ सप्टेंबर

पोळा. सुट्टी. दोन दिवस झोडपून पाऊस. बैलांची मिरवणूक भिजतच निघाली, असं पोरांनी नंतर सांगितलं. लाईट नाही. मेणबत्तीच्या उजेडात वह्या तपासल्या.

४ सप्टेंबर

गावातले निवृत्त वायरमन वर्गात आले. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. खुर्ची दिली, बसले नाहीत. खिशातून हातभर ॲल्युमिनियमची पिळाची तार काढून टेबलावर ठेवली. मधे पोलादाचा एक धागा, भोवती ॲल्युमिनियमचे सहा.

‘पोरांनो, पुस्तकातल्या तारेला रोध नसतो. खांबावरच्या तारेला असतो.’

या तारांना प्राण्यांची नावं असतात हे मलाही नीट माहीत नव्हतं. ही ‘स्क्विरल’, म्हणजे खार. हिच्याहून जाड ‘वीझल’, मग ‘रॅबिट’, त्याच्याही वर ‘डॉग’. पोरं हसून लोटपोट. तात्या गंभीर. ‘खारुताईवर बैलाचं ओझं टाकलं की ती दबणारच.’ खारीचा रोध किलोमीटरला साधारण १.४ ओहम. डीपीपासून गिरणीपर्यंत खांब किती? मुलांनी बोटं मोडत गल्ली आठवली: सात टप्पे. एक टप्पा पन्नास मीटर धरा, म्हणजे साडेतीनशे मीटर. एका तारेचा रोध जवळपास अर्धा ओहम.

‘अर्धाच?’ वर्गाची निराशा झाली. अर्ध्या ओहमने काय होणार?

तात्यांनी मिशीतल्या मिशीत हसून विचारलं, ‘गिरणीची मोटार किती हॉर्सपॉवर?’ साडेसात. ‘चालू असताना एका फेजला अकरा ॲम्पिअर खाते. आणि सुरू होताना? सहापट.’

गिरणीशेजारची ती मुलगी गणित करू लागली. मी तिला थांबवलं. आधी करून बघू.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. नववीने आठवीला एक सेल, एक बल्ब, एक वायर दिली. ‘सेल खराब हाय’ असं आठवीने म्हटल्यावर नववीच्या चेहऱ्यांवर जे हसू आलं, ते बघायला मी दारामागे उभी होते.

९ सप्टेंबर

गणपती बसलेत. शाळेच्या गणपतीपुढची दिव्यांची माळ अर्धी बंद. एक दिवा सैल होता, त्याच्या पुढचेमागचे सगळे अंधारात. कुणी न सांगता दोघा मुलांनी दिवे एकेक दाबत नेले आणि पाच मिनिटांत माळ लावली. ‘एकसर हाय मॅडम.’ माळेचा प्लग आधी काढला होता का, एवढंच मी विचारलं. काढला होता.

आज गिरणीचा देखावा. डीपी म्हणून चार्जिंगच्या दिव्यातली चार व्होल्टची बॅटरी. तिचा आतला रोध फार कमी, म्हणून आता दोष सेलवर ढकलता येणार नाही. तितकंच तिच्यात धोकाही जास्त, म्हणून तिच्या टोकाशी फ्यूज. लाईन म्हणून नायक्रोमचे दहा-दहा सेंटिमीटरचे दोन तुकडे, एकेक ओहमचे. लाईनीच्या शेवटी घर, म्हणजे ३.८ व्होल्टचा बल्ब, आणि त्याला समांतर गिरणी, म्हणजे तुटक्या खेळण्यातली मोटार. मोटारीच्या दांड्यावर कुणीतरी पुठ्ठ्याचं जातं चिकटवलं.

फक्त घर: ३.५ व्होल्ट, बल्ब पिवळाधमक. गिरणी चालू: ३.०. मग मी त्या मुलीला म्हटलं, जातं बोटाने धरून ठेव.

तिने दोन बोटांनी पुठ्ठा पकडला. मोटार गुरगुरली, थांबली. बल्ब उतरत उतरत नारिंगी, मग जवळजवळ तांबडा. मीटरवर २.२. तिने बोटं सोडली. पुठ्ठा थरथरला, फिरायला लागला, आणि जसजसा वेग वाढला तसतसा बल्ब परत पिवळा होत आला. तिने परत धरला, परत सोडला. सात-आठ वेळा. तोंडातून शब्द नाही.

फिरणारी मोटार स्वतःच उलट दिशेचं विभवांतर तयार करते आणि त्यामुळे आपली धारा आवरते. थांबलेल्या मोटारीला हा लगाम नसतो. सुरू होण्याच्या क्षणी प्रत्येक मोटार थांबलेलीच असते. म्हणून सहापट.

दुधनावाल्याने मग आपणहून नायक्रोमचे तुकडे काढून तांब्याच्या जाड वायरी लावल्या. जातं धरलं तरी बल्ब ढिम्म हलला नाही. पुस्तकातलं वाक्यही खरं ठरलं, फक्त त्यात रोध नसलेली तार गृहीत धरलेली होती.

११ सप्टेंबर

संध्याकाळी गिरणीशेजारच्या त्या घरी गेले. पालकांना आधी विचारून ठेवलं होतं. मुलं ओट्यावर, आत फक्त मी आणि तात्या. घरातल्या विजेला मुलांनी मीटर लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे आणि तो त्यांना सगळ्यात जास्त खटकतो. चकती पर्यायी विभवांतराच्या ७५० वर, दांड्या सॉकेटात. मी आकडे ओरडून सांगायचे, मुलांनी लिहायचे.

२२१. २२१. २२०. गिरणीवाल्याने शिट्टी मारली आणि बटण दाबलं. चुलीवरचा बल्ब मिटल्यासारखा झाला. १८४! मग १९६, २१०, २१४. तिथे टिकला. हा मीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो, तेव्हा खरा तळ याहूनही खाली असू शकेल. पाच वेळा करून घेतलं. गिरणीवाल्याचं दळण खोळंबलं, बायका डबे घेऊन उभ्या. एकीने विचारलं, ‘मॅडम, गिरणी तपासायला आलात का?’ आजी चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, ‘बल्ब बारीक झाला की मला कळतं, दळण लागलं.’

१३ सप्टेंबर

हिशेब. अकराच्या सहापट ६६ ॲम्पिअर, गुणिले ०.४९ ओहम, ३२ व्होल्ट. मोजले गेले २२१ उणे १८४, ३७. चालू असताना ११ गुणिले ०.४९, सुमारे ५.४ व्होल्ट. मोजले ७.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मला मात्र फळ्याच्या कोपऱ्यात लिहावं लागलं की ही पर्यायी धारा आहे. तिथे तारेचा नुसता रोध धरून भागत नाही, आणि व्होल्ट सरळ वजाही होत नाहीत. शिवाय सांधे, डीपीच्या आतच पडणारे व्होल्ट. हे सगळं बारावीत. पण ३२ आणि ३७ एकाच घरातले आकडे आहेत, एवढं नववीला पुरे.

उपाय काय, यावर मात्र भांडण झालं. जाड तार, डीपी जवळ, की गिरणीला स्टार-डेल्टा स्टार्टर? तात्यांनी सांगितलेला तो स्टार्टर सुरुवातीची धारा एक तृतीयांशावर आणतो. एकीचं म्हणणं, डीपी जवळ आणली तर दुसऱ्या टोकाच्या घरांचं काय? दुधनावाल्याने जाड तारेला किती खर्च येईल ते विचारलं. मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. तात्यांना विचारायचं, असं ठरलं.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर पटांगणात टेबल लावलं. गावकऱ्यांची गर्दी भाषणापेक्षा इथे जास्त. संध्याकाळी विसर्जन, म्हणून सगळ्यांना घाई, तरी प्रत्येकाला पुठ्ठ्याचं जातं एकदा धरून बघायचं होतं. गिरणीवालेही आले. बराच वेळ बल्बाकडे बघत राहिले. मग त्या मुलीला विचारलं, ‘म्हणजे चूक माझी का तारेची?’

‘काका, तार तुमची बी हाय आन आमची बी. एकच हाय. म्हणून तर.’

ते स्टार्टरची किंमत विचारून गेले.

१८ सप्टेंबर

आवराआवर. सगळे सेल होल्डरमधून काढून वेगळ्या डब्यात ठेवले, या वेळी आठवणीने. वीस बल्बांपैकी तेरा शिल्लक, दोन प्रयोगासाठी फोडले, बाकीचे हुशारीपायी गेले. मल्टिमीटरचा नवा फ्यूज बसवला. रुसलेल्या ॲमीटरची सुई तात्यांनी मधला स्क्रू पाव वाटोळा फिरवून शून्यावर आणून दिली. कपाटाची किल्ली यापुढे गोदावरी गटाकडे.